सेलमचा निकाल तुम्ही पुन्हा का देता? : चेटकिणींच्या मालिका करणाऱ्यांना खुलं पत्र

चेटकिणींवर मालिका लिहिणारे लेखक, त्या काढणारे निर्माते आणि त्या आमच्या घराघरात पोचवणाऱ्या वाहिन्या व ओटीटीवाले,
यांस सप्रेम नमस्कार.

तुमच्या मालिकांत सेलमचं नाव वारंवार येतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये 1692 साली जादूटोण्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिलं गेलं. 14 बायका आणि 5 पुरुष. जाइल्स कोरी नावाचा म्हातारा शेतकरी खटल्याला सामोरा जायलाच तयार होईना, तेव्हा त्याच्या अंगावर दगडांचं ओझं वाढवत नेऊन त्याला चिरडून मारलं. निदान पाच जण तुरुंगात मेले. जाळलं मात्र कुणालाच नाही, कारण इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला फाशीची शिक्षा होती आणि मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती. तरी 'चार्म्ड' या मालिकेतल्या चेटकीण बहिणींची पूर्वज मेलिंडा वॉरेन सेलममध्ये जाळली जाते, आणि गेली पंचवीस वर्षं जगभरचे प्रेक्षक 'सेलमला चेटकिणींना जाळलं' असं ठामपणे सांगतात. ही चूक संवादातली एक ओळ बदलून सुधारता येते. तेवढ्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले नसते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. या खटल्यांवरचा तास झाला की कुणीतरी हमखास विचारतं, ''मॅडम, पण त्यातल्या काही जणी तरी खऱ्या चेटकिणी असतील ना?'' विचारणारी मुलं हुशार असतात, वाचणारी असतात. त्यांच्या डोक्यात हा प्रश्न पुस्तकांनी घातलेला नाही. तो तुमच्या मालिकांनी घातला आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

रेबेका नर्सची गोष्ट सांगते. वय 71. चर्चमध्ये मानाची जागा असलेली, मुलाबाळांनी भरलेल्या घरातली धर्मभीरू बाई. तिच्यावर आरोप झाला तेव्हा 39 शेजाऱ्यांनी तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या कागदावर सह्या केल्या. त्या दिवसांत अशी सही करणं म्हणजे उद्या आपलंही नाव घेतलं जाण्याची तयारी ठेवणं होतं. जूनच्या अखेरीस खटला उभा राहिला आणि ज्यूरीने निकाल दिला : निर्दोष. त्याबरोबर कोर्टात हजर असलेल्या, चेटकिणी आपल्याला छळतात म्हणणाऱ्या 'बाधित' मुलींनी आरडाओरडा सुरू केला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन यांनी ज्यूरीला सुचवलं की बाईंच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करा. डेलिव्हरन्स हॉब्स ही कबुली दिलेली कैदी साक्षीला आणली गेली तेव्हा नर्सबाई म्हणाल्या होत्या की ती तर आमच्यातलीच. 'आमच्यातली' म्हणजे चेटकिणींतली, की आमच्यासारखीच तुरुंगात डांबलेली? ज्यूरीच्या प्रमुखाने त्यांना हे विचारलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. ज्यूरी पुन्हा आत गेली आणि 'दोषी' म्हणून बाहेर आली. त्या गप्प का राहिल्या, याचा खुलासा त्यांनी नंतर दिला : मला कमी ऐकू येतं, त्यात मी दुःखाने भरून गेले होते, प्रश्न माझ्यापर्यंत पोचलाच नाही. गव्हर्नरने दिलेली फाशीची तहकुबीही मागे घेतली गेली आणि 19 जुलैला त्यांना फासावर चढवलं.

एका बहिऱ्या म्हातारीला न ऐकू आलेला प्रश्न. याहून मोठं नाट्य कुठला लेखक लिहू शकेल? हे सगळं नोंदलेलं आहे, उपलब्ध आहे, आणि यात एकही अतिमानवी गोष्ट नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कबुली देऊन तिच्यावर कायम राहिलेल्या एकालाही सेलममध्ये फाशी झाली नाही. 'होय, मी सैतानाशी करार केला' असं म्हणणाऱ्याचा जीव वाचत होता. सॅम्युअल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, मग ती मागे घेतली, आणि मागे घेतली म्हणूनच तो मेला. म्हणजे फासावर गेलेली माणसं खोटं बोलायला नकार दिल्यामुळे गेली. ती कुठल्या गुप्त पंथाची नव्हती. ती कडवी ख्रिस्ती माणसं होती, आणि खोटी कबुली देऊन आपला आत्मा गमावण्यापेक्षा मरण बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. जॉर्ज बरोज तर धर्मोपदेशकच होता. फाशीच्या दोरापाशी उभं राहून त्याने प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हणून दाखवली. सैतानाच्या माणसाला ती म्हणता येत नाही, अशी तेव्हा समजूत होती. गर्दी चुळबुळायला लागली, पण फाशी थांबली नाही.

आता तुमच्याकडे येते. 2014 मध्ये आलेली 'सेलम' ही मालिका तीन हंगाम चालली. तिच्यात मेरी सिबली ही चेटकिणींची म्होरकी आहे आणि गावातली धरपकड, फाशा हे सगळं चेटकिणींनीच पडद्यामागून घडवलेलं कारस्थान आहे. मेरी सिबली नावाची बाई खरोखर होऊन गेली. तिने काय केलं होतं? आजारी मुलींना कुणी बाधा केली हे ओळखायला, राय या धान्याच्या पिठात त्यांची लघवी कालवून केलेली भाकर कुत्र्याला खाऊ घालायचा तोडगा तिने सुचवला. गावाच्या धर्मगुरूने त्याबद्दल भर चर्चमध्ये तिची कानउघाडणी केली, तिने रडून माफी मागितली, विषय तिथे संपला. अशा एका घाबरलेल्या, भोळसट शेजारणीला तुम्ही तिच्या खऱ्या नावानिशी हत्याकांडाची सूत्रधार केलंत. स्टाउटनसारखे न्यायाधीश, आरोपीच्या 'छायेने' आपल्याला छळलं एवढ्या साक्षीवर माणसं लटकवणारं ते कोर्ट, एकमेकांच्या जमिनीवर डोळा ठेवून असलेली घराणी, या सगळ्यांच्या डोक्यावरचं पाप उचललंत आणि ते बायकांच्या ओटीत घातलंत.

यालाच मी निकाल पुन्हा देणं म्हणते. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला यातली शेवटची दोषी, एलिझाबेथ जॉन्सन, निर्दोष जाहीर करायला 2022 साल उजाडलं. तिच्यासाठी एका शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केला होता. कागदावरचा कलंक पुसायला 329 वर्षं लागली, आणि पडद्यावर तोच कलंक दर हंगामाला नव्याने लावला जातो.

टिट्युबा या सेलममधल्या आरोपी बाईबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. पडद्यावर ती बहुतेक वेळा मुलींना वूडू शिकवणारी आफ्रिकन बाई असते. सेलमच्या कागदपत्रांत तिला सगळीकडे 'इंडियन', म्हणजे मूळ अमेरिकी वंशाची म्हटलं आहे. वूडूचा तिथे मागमूस नाही. ती धर्मगुरू सॅम्युअल पॅरिसच्या घरातली गुलाम होती. 1 मार्च 1692 ला तिची चौकशी सुरू झाली आणि तिने कबुली दिली : काळ्या कपड्यांतला माणूस आला, त्याने एक पुस्तक पुढे केलं, त्यात नऊ खुणा होत्या, मीही एक खूण केली. मालकाने मारून मारून हे वदवून घेतलं असं तिने पुढे सांगितल्याची नोंद आहे. ती वर्षाहून जास्त काळ तुरुंगात खितपत पडली. तिच्या कोठडीचा खर्च मालकाने भरला नाही. ज्याने भरला तो तिला घेऊन गेला, आणि तिथून पुढे ती इतिहासातून नाहीशी होते.

ते पुस्तक आठवतंय ना? 'चिलिंग ॲडव्हेंचर्स ऑफ सब्रिना'मध्ये सोळाव्या वाढदिवसाला नायिकेने सैतानाच्या पुस्तकात सही करायची असते. तिथे ते चेटकिणींचं प्राचीन व्रत म्हणून येतं. प्रत्यक्षात ही पुस्तकाची, कराराची, रात्रीच्या मेळाव्यांची सगळी सामग्री चौकशीच्या खोलीतून आलेली आहे. हाइन्‌रिख क्रेमर नावाच्या धर्मचौकशी अधिकाऱ्याला 1485 मध्ये ब्रिक्सनच्या बिशपने वैतागून इन्सब्रुक सोडायला सांगितलं, आणि दुखावलेल्या क्रेमरने पुढच्या दोन वर्षांत 'मॅलियस मॅलेफिकारम' लिहून छापला. बायका सैतानाला कशा वश होतात याचा तो ग्रंथ. कव्हनमध्ये, म्हणजे चेटकिणींच्या गटात, तेरा जणी असतात हा तपशील 1662 मधल्या इझोबेल गाउडी या स्कॉटिश बाईच्या कबुलीजबाबातून आला. म्हणजे तुम्ही 'चेटकिणींच्या परंपरा' म्हणून जे दाखवता ते सरकारपक्षाचं आरोपपत्र आहे. आरोपीची बाजू त्यात कधीच नव्हती.

हे त्या काळच्याही काही माणसांना कळलं होतं. आलोन्सो दे सालाझार फ्रिआस हा स्पॅनिश इन्क्विझिशनचाच, म्हणजे तिथल्या धर्मचौकशी मंडळाचाच, अधिकारी. 1610 मध्ये लोग्रोन्योला चेटकिणी म्हणून माणसं जाळली गेली त्या न्यायमंडळात तो होता. त्यानंतर तो बास्क मुलुखात गावोगाव हिंडला, सुमारे 1,800 जबाब घेतले, त्यात बरीचशी लहान मुलं होती. मेळाव्याच्या जागा दाखवायला सांगितल्या तर प्रत्येकाची जागा वेगळी निघाली. विषारी म्हणून आणून दिलेली मलमं त्याने जनावरांवर तपासून घेतली, ती निरुपद्रवी ठरली. त्याने वरिष्ठांना लिहून कळवलं की लोक या विषयावर बोलायला आणि लिहायला लागेपर्यंत इथे चेटकिणीही नव्हत्या आणि बाधा झालेलेही नव्हते. त्याच्या अहवालानंतर 1614 मध्ये नियम कडक झाले आणि स्पॅनिश इन्क्विझिशनने चेटकिणी जाळणं जवळजवळ बंद केलं. या माणसावर आजवर एक धड मालिका निघू नये याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता विक्का या आधुनिक धर्माबद्दल. तुमच्याकडून दोन उलट्या दिशांनी एकच चूक होते. कधी विक्का म्हणजे सेलमच्या आणि युरोपातल्या मारल्या गेलेल्या बायकांचा गुप्त, अखंड चालत आलेला धर्म असतो. कधी विक्का म्हणजे सैतानपूजा, नाहीतर माणसाचा ताबा घेणारी धोकादायक शक्ती असते. 'बफी' मालिकेत विलो या पात्राच्या जादूला विक्का म्हणतात आणि पुढे ती जादू अमली पदार्थाच्या व्यसनासारखी रंगवली जाते.

विक्का हा विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये आकाराला आलेला धर्म आहे. जेराल्ड गार्डनर (1884-1964) हा इंग्रज मलायात जकात खात्यात नोकरीला होता. 1936 मध्ये निवृत्त होऊन परतला. 1939 मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या कव्हनने आपल्याला दीक्षा दिली असं तो सांगायचा. 1951 मध्ये ब्रिटनचा 1735 चा जादूटोणा कायदा रद्द झाला आणि त्यानंतर 1954 मध्ये त्याने आपलं मुख्य पुस्तक काढलं. विधींमध्ये फ्रीमेसन या गुप्त संघटनेचे प्रकार, अलिस्टर क्रोली या गूढविद्यावाल्याचं लेखन, जुन्या तंत्रमंत्राच्या पोथ्या असं बरंच मिसळलेलं होतं. 1953 मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंट या कवयित्रीने त्याला भाषेचं सौंदर्य दिलं. देवी आणि शिंगधारी देव, वर्षाचे आठ सण, चंद्राच्या कलांप्रमाणे होणाऱ्या पूजा, 'कुणाला इजा होत नसेल तर मनासारखं कर' हा दंडक. यात सैतान कुठेच नाही. सैतान मानायचा तर आधी ख्रिस्ती कल्पनाविश्व मानावं लागतं, आणि विक्का त्याच्या बाहेर उभा आहे.

मग प्राचीनतेचा दावा आला कुठून? मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासक. 1921 मध्ये त्यांनी मांडलं की खटल्यांतल्या चेटकिणी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माच्या उपासक होत्या. ब्रिटानिका विश्वकोशातली 'जादूटोणा' ही नोंदही त्यांनीच लिहिली आणि ती कित्येक दशकं तशीच छापली गेली. गार्डनरच्या पुस्तकाची प्रस्तावना त्यांची आहे. पुढे इतिहासकार नॉर्मन कोन यांनी मरेबाईंनी दिलेले उतारे मुळाशी ताडून पाहिले, तर हवेत उडणं, रूप बदलणं अशा अशक्य ओळी गाळून उरलेल्या तेवढ्या पुरावा म्हणून दिलेल्या आढळल्या. आज कुणी जबाबदार इतिहासकार तो सिद्धांत मानत नाही, आणि जाणते विक्कनही आपला धर्म तरुण आहे हे मोकळेपणाने मान्य करतात. धर्म सत्तर वर्षांचा असला म्हणून खोटा ठरत नाही. मालिकांतल्या पात्रांच्या तोंडी मात्र अजूनही मरेबाईच बोलतात.

'90 लाख बायका जाळल्या' हे वाक्यही असंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस गॉटफ्रीड फोइग्ट याने जर्मनीतल्या एका गावाची थोडीशी प्रकरणं घेतली, शतकांनी आणि युरोपच्या लोकसंख्येने गुणली आणि 94,42,994 हा आकडा काढला. कोर्टाच्या कागदांवर काम केलेल्या इतिहासकारांचा अंदाज सुमारे 40,000 ते 60,000 जणांना मृत्युदंड झाला असा आहे. त्यात बहुसंख्य बायका, पण पुरुषही पुष्कळ. आइसलँडमध्ये तर जवळजवळ सगळे पुरुषच. 50,000 माणसं शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून मारली गेली हे पुरेसं भयंकर नाही का? ते फुगवायची गरज कुणाला पडते?

''शेवटी करमणूकच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?'' असं तुम्ही म्हणाल. म्हणून वेस्ट मेम्फिसची आठवण देते. मे 1993 मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या या गावात आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. तीन तरुण पोरांना पकडलं. त्यातला डेमियन एकल्स 18 वर्षांचा होता, काळे कपडे घालायचा, विक्काची पुस्तकं वाचायचा. साक्षीला उभा राहून त्याने आपला धर्म विक्का असल्याचं सांगितलं. सरकारपक्षाने हा सैतानी विधीचा बळी असल्याचं मांडलं आणि त्यासाठी एक 'गूढविद्या तज्ज्ञ' आणला, ज्याची डॉक्टरेट टपालाने मिळवलेली होती. एकल्सला मृत्युदंडाची शिक्षा झाली. घटनास्थळी सापडलेला डीएनए या तिघांपैकी कुणाचाही नव्हता, हे पुढे समोर आलं. 2011 मध्ये तिघे सुटले, तेही स्वतःला निर्दोष म्हणत असताना कागदावर दोष मान्य करायच्या तडजोडीवर. ज्यूरीतल्या बारा माणसांना विक्का आणि सैतान यांतला फरक कुणी कधी शिकवला होता? त्यांनी पाहिलं होतं ते टीव्हीवरच.

अफगाणिस्तानात 2005 मध्ये मारल्या गेलेल्या सार्जंट पॅट्रिक स्ट्यूअर्ट या विक्कन सैनिकाच्या स्मृतिफलकावर त्याच्या धर्माचं चिन्ह, वर्तुळातला पाच टोकांचा तारा, कोरायला सरकार तयार नव्हतं. त्याची बायको भांडली, कोर्टापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा 2007 मध्ये परवानगी मिळाली. तोच तारा तुमच्या मालिकांत रक्ताने जमिनीवर काढलेला असतो.

आणि तुमच्या मालिका आता इथेही बघितल्या जातात. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची एकदा वाचा. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गायीचं दूध आटवते, रोगराई पसरवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं, एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार जाहीर करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गायीचं दूध आटवल्याचा हाच आरोप स्कॉटलंडच्या आणि जर्मनीच्या खटल्यांत पानोपानी आहे. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतरच्या काही दिवसांत वटहुकूम निघाला. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर, एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार अजून संपलेले नाहीत. तिथे काम करणारे कार्यकर्ते गावकऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पटवत असतात, की ही बाई डाकीण नाही, कारण डाकीण नसतेच. त्यांच्या सांगण्याच्या नेमकं उलट तुमची मालिका सांगते : संशय बरोबर होता, फक्त ती बाई देखणी आणि ताकदवान होती.

मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. काल्पनिक गाव घ्या, काल्पनिक माणसं घ्या, हवी तेवढी जादू घाला, मीही बघेन. पण सेलम, स्कॉटलंडमधलं नॉर्थ बेरिक, जर्मनीतलं बाम्बर्ग अशी खटल्यांची खरी गावं आणि ज्यांचे खटले नोंदलेले आहेत अशा माणसांची खरी नावं घेणार असाल, तर त्यांना चेटकीण करू नका. करायचंच असेल तर नावं बदला आणि भागाच्या सुरुवातीला, शेवटच्या धावत्या नामावळीत नव्हे, पडद्यावर स्पष्ट लिहा की हे लोक निर्दोष होते. विक्का हा शब्द वापरणार असाल तर संहिता एखाद्या विक्कन व्यक्तीला आणि धर्माच्या इतिहासाच्या अभ्यासकाला आधी वाचायला द्या. पोलीस मालिकेला निवृत्त अधिकारी, डॉक्टरांच्या मालिकेला डॉक्टर सल्लागार म्हणून तुम्ही घेताच. आणि इथल्या वाहिन्या, ओटीटीवाले यांना वेगळं सांगणं : या मालिका मराठी-हिंदीत डब करून आणाल तेव्हा त्या सूचनेचंही भाषांतर करा, आणि आपल्या इथल्या कायद्याची एक ओळ तिच्याखाली जोडा. त्याला खर्च येत नाही.

सेलमच्या चौकशांची मूळ कागदपत्रं व्हर्जिनिया विद्यापीठाने सगळ्यांसाठी इंटरनेटवर मोफत खुली ठेवली आहेत. तुमच्या लेखकांच्या खोलीत पुढची संहिता सुरू होईल तेव्हा आधी त्यातला मेरी ईस्टीचा अर्ज काढून वाचा. ती रेबेका नर्सची धाकटी बहीण. फाशीची शिक्षा झाल्यावर तिने न्यायाधीशांना लिहिलं की मला मरायचं आहे हे मला ठाऊक आहे, मी माझ्या जिवासाठी मागत नाही, पण यापुढे आणखी निष्पाप रक्त सांडू देऊ नका. 22 सप्टेंबर 1692 ला तिला फाशी झाली, आणि सेलममधल्या फाशा त्या दिवसानंतर थांबल्या. तिच्यावर एक भाग लिहा. लिहिलात की कळवा, मी माझ्या वर्गात दाखवीन.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका आणि तुमची प्रेक्षक